घरच्या घरी फॅन्सी ड्रेस पहिल्यांदाच करताय?

पहिलं सांगते, ड्रेस भाड्याने आणू नका. घरच्या कपाटातून जे निघतं त्यातच मुलं जास्त रमतात. सुरुवात वासुदेवाने करा. जाड पुठ्ठ्याची शंकूसारखी टोपी, तिला मोरपिसं (नसली तर निळ्या-हिरव्या कागदाची कापून), अंगरखा म्हणून आईचा घोळदार कुर्ता, कमरेला ओढणी, हातात चिपळ्या. टोपीच्या आत रुमालाची घडी जरूर घाला. माझ्या लेकाची टोपी सारखी डोळ्यांवर घसरत होती, शेवटी रडकुंडीला आला बिचारा.

गाडगेबाबा त्याहून सोपे: ठिगळांचा सदरा, हातात खराटा, डोक्यावर खापराऐवजी कागदी वाडगा. दाढी-मिशा काजळाने रंगवा. गोंदाने कापूस चिकटवू नका, लहानांची त्वचा नाजूक असते.

खेळात आजी-आजोबांना घ्याच. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी लावा: कंडक्टर, पोस्टमन, भाजीवाली. फक्त 'हो' किंवा 'नाही' उत्तर येईल असे दहा प्रश्न विचारून आपण कोण ते ओळखायचं. मोठी मुलं असतील तर पिशवीत घरातल्या पाच वस्तू द्या आणि पाच मिनिटांत सोंग सजवायला सांगा. आमच्या आजोबांनी एकदा टॉवेल, चाळणी आणि छत्रीतून सुंदर कोळी उभा केला होता!