अगं, तोंड उघड की

बाळ,

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. रंकाळ्यावर तासभर गप्प बसलीस, तुला काय झालंय ते त्याला कळलं नाही म्हणून सगळं संपवून आलीस, आणि वर मलाच लिहितेस की मावशी, तुमच्या कादंबरीतल्या हिरोला तर नुसतं बघून कळतं. अगं, त्याला मी सांगितलेलं असतं! त्याचं डोकं माझ्या पेनातनं चालतं. तुझ्या त्याला कोण सांगणार? तोंड उघड आणि माग.

मागून मिळालं तर ते प्रेम कसलं, असं म्हणशील. मीपण तेच म्हणत आले, करवीर नगर वाचन मंदिरातनं फडके-खांडेकर आणून आणून वाचलेले (एक इथं राजाराम कॉलेजात शिकवायचे, दुसरे 1938 ला शिरोड्याहून इथं राहायला आले, त्यामुळं प्रेम हे आमच्या पिढीला गावातलंच खातं वाटायचं). आणि गंमत बघ, आपण कोल्हापूरच्या पोरी, "आलो", "जेवलो" म्हणणाऱ्या, दहा रुपयांसाठी रिक्षावाल्याला भर चौकात झापणाऱ्या, आणि इथंच नेमक्या मुक्या.

2019 चा पूर. हे पुण्याला, आमच्यात बोलणं जेमतेम. पंचगंगा चढायला लागली तसा ह्यांचा फोन, येऊ का? मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. मनात या, या, या चाललेलं. मग शिरोलीला हायवेवर पाणी आलं, रस्ताच बंद. वरच्या मजल्यावर मी आणि मेणबत्ती, खाली माझ्याच पुस्तकांचे गठ्ठे चहात पडलेल्या पावासारखे फुगलेले. हे आले नाहीत याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण "या" एवढं एक अक्षर माझ्या तोंडातनं निघालं नाही, ते कुणाच्या नावावर टाकू?

पुढं त्या पुरावरच कादंबरी लिहिली, त्यात तो न बोलावता होडीतनं येतो. बायका रडल्या वाचून. लिहिलं तर लिहिलं, दिवसभर जिला कुणी विचारत नाही तिला दुपारचे दोन तास तसला माणूस मिळाला तर कुणाचं काय जातंय? पण ते दुपारपुरतं. संध्याकाळी घरातल्या माणसाला सांगावंच लागतं, मागावंच लागतं.

तर उद्या त्याला फोन कर आणि सांग, वाढदिवसाला तू मित्रांबरोबर पन्हाळ्याला गेलास त्याचं मला वाईट वाटलं. एवढंच. ओळख बघू, असलं काही नको.

माझं नव्या कादंबरीचं सतरावं प्रकरण चाललंय. त्यातपण तो न बोलावताच येतोय, काय करू. छापून आली तरी तू एवढ्यात वाचू नकोस.

तुझी,
मावशी