विलोच्या टोकाला पाइनचं फळ?

प्रश्न : आम्ही दोघं सध्या शिकागोजवळ मुलीकडे आलो आहोत. तळ्याकाठी विलोची झुडपं आहेत. पानं झडल्यावर त्यांच्या फांद्यांच्या टोकांना पाइनच्या फळांसारखं काहीतरी दिसू लागलंय. जावई म्हणतात, कीड आहे, छाटून टाकू. छाटावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कृपा करून छाटू नका. जावईबापूंचं निदान बरोबर आहे, पण झाडाला त्याचा फारसा त्रास नाही. ही गाठ आहे आणि ती एका इवल्याशा माशीमुळे झाली आहे : रॅब्डोफॅगा स्ट्रोबिलॉइडिस. आपल्याकडे भाताच्या पोंग्याची, म्हणजे मधल्या कोवळ्या फुटव्याची, नळी करणारी गादमाशी याच कुळातली. तिथे लोंबीच येत नाही, म्हणून शेतकरी तिला घाबरतो. विलोला मात्र खालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात.

वसंतात मादी कळीवर अंडं घालते. अळी कळीच्या मध्यावर जाऊन बसली की फांदीची लांबी वाढायची थांबते. पानं मात्र येतच राहतात आणि आखूड राहून एकावर एक चिकटत जातात. अशी गाठ मी उभी चिरून पाहिली आहे. अगदी मधोमध छोटी कोठडी आणि तीत एकच अळी. संपूर्ण हिवाळा ती तिथेच काढते. अलास्कातल्या विलोंवर याच प्रजातीगटातल्या अळ्या अंगात ग्लिसरॉल हा गोठण रोखणारा पदार्थ साठवतात आणि उणे ५० अंश सेल्सिअसखालीही गोठत नाहीत. हे वाचल्यापासून या जिवांबद्दलचा माझा आदर फार वाढला आहे.

शिवाय गाठीत ती एकटी नसते. पानांच्या खवल्यांमध्ये नाकतोड्यांची अंडी असतात, इतर माश्यांच्या अळ्याही वस्तीला येतात. तुम्ही आहात त्याच इलिनॉयमध्ये बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने विलोच्या गाठी आणि त्यांतले हे पाहुणे बारकाईने अभ्यासले, १८६४ साली त्यावर लेखही प्रसिद्ध केला. तुम्ही छाटलीत, तर ही सगळी वस्ती जाईल.

मार्चअखेर एखादी गाठ फांदीच्या तुकड्यासह बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा, बरणी गॅलरीत सावलीत असू द्या. बारीक, लांब पायांची माशी निघाली तर ती घरमालकीण. काळपट किंवा हिरवी चकाकती गांधीलमाशी निघाली तर समजा, तिच्या अळीने घरमालकिणीला खाल्लं. असं वारंवार होतं. जे निघेल ते तळ्याकाठी सोडून द्या. नाशिकला परतताना मात्र गाठ सामानात घालू नका. जिवंत कीटक असलेली फांदी देशात आणणं योग्य नाही, आणि आपल्याकडे नदीकाठी वाळुंज आहे, तोही विलोच.