ब्लिकाव्सला नेमकं कुठं खेळवायचं? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : नमस्कार, आमचं पोरगं ऑस्ट्रेलियात जीलाँगला डीकिन युनिव्हर्सिटीत शिकायलंय, त्याच्यामुळं घरात ऑसी रूल्स फुटबॉलचं म्हणजे फूटीचं वेड शिरलंय. तो तिकडं कॅट्सची (म्हणजे जीलाँगच्या टीमची) मॅच बघायला जातो आणि आम्ही इकडं मोबाईलवर बघतो, मॅच झाली की व्हिडिओ कॉलवर वाद ठरलेला. वाद एकाच माणसावरून, मार्क ब्लिकाव्स. १९८ सेंटिमीटर उंच गडी, फूटीत यायच्या आधी तीन हजार मीटर स्टीपलचेस पळायचा, म्हणजे आपल्या अविनाश साबळेचाच इव्हेंट. आम्ही आष्टी तालुक्यातले, त्यामुळं तो आम्हाला घरचाच वाटतो. माझं म्हणणं त्याला रकमध्येच, म्हणजे मधे बॉलसाठी उडी मारायच्या जागीच ठेवावं, पोरगं म्हणतं पप्पा तुम्हाला कळत नाही, तो डिफेन्सचा माणूस आहे. त्याची आई म्हणते विंगला म्हणजे मधल्या पट्ट्यात कडेला मोकळा सोडा, पळू द्या. तुम्हीच काय तो निवाडा करा.
– एक वाचक, कडा (जि. बीड)

उत्तर : दादा, निवाडा तुमच्या बाजूनं देतोय पण एका अटीवर, ती शेवटी सांगतो, आधी पोराची बाजू नीट ऐकून घ्या कारण ती लेचीपेची नाहीये.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ खेळाडू, २० मिनिटांचे चार क्वार्टर आणि बॉल थांबला की तेवढा वेळ वर मिळतो, त्यामुळं प्रत्यक्षात क्वार्टर अर्ध्या तासाच्या आसपास जातो. ऑफसाइड नाही. बॉल पायानं मारायचा नाहीतर मुठीनं ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून काढला तर ६ पॉइंट, बाजूच्या खांबांतून गेला तर १.

तर पोराचा पुरावा असा की ब्लिकाव्स २०१८ साली बॅकलाइनला म्हणजे डिफेन्सला खेळला आणि त्या वर्षी जीलाँगच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचं बक्षीस त्यानं घेतलं. समोरच्या टीमचा उंच फॉरवर्ड काय करतो, तर एका जागी उभा राहत नाही, बॉल येताना दिसला की वीस-तीस मीटर जोरात पळत पुढं येतो, मग परत माघारी, परत दुसऱ्या दिशेला. साधा उंच डिफेंडर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याच्या मागं टिकतो आणि चौथ्यात अर्धा पाऊल मागं पडतो, आणि या खेळात अर्धं पाऊल म्हणजे फॉरवर्डच्या हातात अलगद मार्क (लाथ मारलेला बॉल वरच्या वर झेलणं) आणि मग निवांत गोलवर किक. ब्लिकाव्स ते अर्धं पाऊल देत नाही. बॉल हवेत असताना मागून येऊन मुठीनं उडवून लावायचा आणि परत आपल्या माणसाला जाऊन चिकटायचं, हे काम तो शेवटच्या मिनिटापर्यंत तसंच करतो. त्यामुळं पोरगं चुकीचं बोलत नाहीये, ते तुम्ही मान्य करा.

पण माझी अडचण वेगळी आहे. डिफेन्सला उभा केला की ब्लिकाव्सनं कुठं पळायचं हे समोरचा फॉरवर्ड ठरवतो. एवढ्या दमाचा माणूस आणि त्याचं सगळं पळणं दुसऱ्याच्या मागं मागं! समोरच्या कोचनं आपला फॉरवर्ड मुद्दाम कोपऱ्यात नेऊन उभा केला तर ब्लिकाव्सही त्याच्यासोबत कोपऱ्यात गेला, खेळ मधे चाललाय आणि हा बाजूला.

आता रक बघा. अंपायर मधे बॉल उंच उडवतो (२०२५ पर्यंत जमिनीवर आपटून उडवायचा, आता हातानं वर फेकतो), दोन्ही बाजूचे दोन उंच गडी धावत येऊन उडी मारतात आणि ज्याचा हात आधी लागेल तो बॉल आपल्या माणसांकडं ढकलतो. इथपर्यंत सगळ्यांना दिसतं, पुढची मॅच बघताना तुम्ही पुढचे तीन सेकंद बघा. अंगानं भरलेला रकमन उडी मारून खाली येतो, तोल सावरतो, वळतो, तोवर बॉल पंधरा मीटर पुढं गेलेला असतो आणि तो खेळातून बाहेर. ब्लिकाव्स खाली येतो आणि दुसऱ्याच पावलाला पळायला लागलेला असतो, म्हणजे टॅप (हातानं बॉल ढकलणं) झाला की तुमच्याकडं मिडफिल्डर एक जास्तीचा, आणि तोही १९८ सेंटिमीटरचा.

मला वाटतं हे स्टीपलचेसनंच त्याच्या पायात घातलंय. साबळे पळताना बघितलाय ना तुम्ही, त्या शर्यतीत २८ आडवे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात आणि शर्यत नुसत्या उडीवर जिंकली जात नाही, उडी मारून पाय टेकल्यावर पहिल्या दोन पावलांत वेग किती लवकर परत धरता त्यावर ती फिरते. पाण्यातून एका पायावर बाहेर येऊन लगेच लय पकडायची, आणि हे सगळं पाय जड झालेले असताना. साबळेनं जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला तो याच जोरावर. उडी, पाय टेकणं, परत पळणं, हेच काम ब्लिकाव्स रकमध्ये करतो. त्यानं पहिल्यांदा क्लबचं बक्षीस घेतलं ते २०१५ साली, तेव्हा तो डिफेंडर नव्हता, रक आणि मिडफिल्डमध्येच फिरत होता, हे पोराला आवर्जून सांगा.

आणखी एक हिशोब आहे जो टीव्हीवर कुणी फारसा बोलत नाही. एका मॅचमध्ये बेंचवरून खेळाडू बदलायला मर्यादा असते, २०२१ पासून ती ७५ बदलांची केली. जड रकमनला दम लागला की त्याला बाहेर बसवावं लागतं आणि प्रत्येक वेळी एक बदल खर्च होतो. जो गडी बाहेर न जाता रकमधून विंगला सरकून तिथं श्वास घेऊन परत रकमध्ये येतो तो टीमचे बदल वाचवतो, आणि ते वाचलेले बदल चौथ्या क्वार्टरमध्ये बाकीच्यांच्या कामी येतात. म्हणजे वहिनींची विंग अगदीच वाऱ्यावर सोडायची नाही, फक्त ती त्याची मुख्य जागा करायची नाही, तिथं नुसता पळतच राहिला तर एवढ्या उंचीचा उपयोग काय!

आता अट. मॅक्स गॉनसारखा दोन मीटरच्या वरचा, अंगानं दणकट रकमन समोर असला की ब्लिकाव्सला पूर्ण मॅच एकट्यानं रकमध्ये झोंबायला लावू नका. तिथं तो टॅप हरणार, अंगानं रेटला जाणार आणि मग त्याचे पाय पळायला उरणार नाहीत. सोबत एक पक्का रकमन पाहिजेच. २०२२ ला जीलाँगनं फायनलमध्ये सिडनीला ८१ पॉइंटनी धुतलं त्या टीममध्ये ऱ्हिस स्टॅन्ली रकला होता आणि ब्लिकाव्स त्याला जोड देत मिडफिल्डमध्ये पळत होता, माझ्या मते त्याचा खरा वापर तोच. त्यामुळं तुम्ही जिंकलात दादा, पण 'रकमध्येच' यातला 'च' काढून टाका.

प्रश्न : वरचाच विषय. एवढा उंच खेळाडू आहे तर गोलपुढं फॉरवर्ड म्हणून का नाही ठेवत, उंच माणसाला वरच्या वर बॉल घेता येईल की?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : उंचीनं बॉल मिळेल हो, पण पुढं? फॉरवर्डनं मार्क घेतला की त्याला निवांत किक मारायला मिळते, चाळीस-पन्नास मीटरवरून, कधी तिरप्या कोनातून, हजारो लोक ओरडत असताना. ती किक लहानपणापासून रोज घोटून घोटून येते. ब्लिकाव्स ऐन वयात ट्रॅकवर पळत होता, त्याचं लक्ष्य लंडन ऑलिम्पिक होतं, २०११ च्या शेवटी जीलाँगनं घेतला आणि २०१३ ला पहिली मॅच खेळला. एवढ्या उशिरा आलेल्या माणसानं उडी, अंदाज, टॅकल सगळं शिकून घेतलं हेच मोठं आहे, पण मॅच जिंकून देणारी किक त्याच्या पायावर सोपवायची गरज नाही. शिवाय २०२२ ला त्याच टीममध्ये टॉम हॉकिन्स आणि जेरेमी कॅमरन असे दोन पट्टीचे गोल मारणारे होते, त्यांच्या गर्दीत तिसरा उंच उभा करून काय मिळालं असतं?

प्रश्न : माझा पुतण्या पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममधून कबड्डी खेळतो. सर त्याला कधी डाव्या कोपऱ्यावर उभा करतात, कधी कव्हरला, कधी चढाईला पाठवतात. भाऊ म्हणतो अशानं पोराचं नुकसान होतंय, एकाच जागी पक्का व्हायला पाहिजे. मी म्हणतो सगळं यायला पाहिजे. काय करावं?
– एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : काका, पंधराव्या वर्षी सगळं यायला पाहिजे हे तुमचं बरोबरच आहे, पण भावाची काळजीही खरी आहे आणि ती उडवून लावू नका.

ऑस्ट्रेलियातलंच उदाहरण घ्या. सिडनीच्या अॅडम गुड्सनं तिकडचं सगळ्यात मानाचं ब्राउनलो मेडल दोनदा घेतलं, २००३ ला मुख्यतः रकमध्ये खेळून (त्या वर्षी ते तिघांत विभागून गेलं) आणि २००६ ला मिडफिल्डमध्ये. ब्लिकाव्सचीही दोन बक्षिसं दोन वेगळ्या जागांवरची, आणि त्यात तीन वर्षांचं अंतर. दोघांनीही दोन्ही जागा पक्क्या केल्या, पण त्याला सीझनच्या सीझन दिले, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असं नाही.

कबड्डीत तर फरक अजून बारीक आहे. कोपऱ्यावरच्या पोराला थांबता आलं पाहिजे, चढाईवाला आत आला आणि पाय टाकला की त्याच क्षणी घोट्याला हात, आधी हललं की गेला. कव्हरच्या पोराचं उलटं, त्यानं वेळ साधून अंग घालून चढाईवाल्याला रेषेबाहेर ढकलायचं, तिथं थांबून चालत नाही. पोरगा एकाच मॅचमध्ये दोन्ही ठिकाणी उभा राहिला तर त्याचं अंग कोणती सवय धरणार? आधी उडी मारणारा कोपरा आणि उशिरा धडकणारा कव्हर तयार होतो, मग सगळे म्हणतात पोरात दम नाही.

चढाईचं मात्र वेगळं आहे, ती करू द्याच. चढाई केलेल्या पोराला समोरचा पुढचं पाऊल कुठं टाकणार हे आधी कळतं, पकडीला ते कामी येतं.

सरांकडं तक्रार घेऊन जाऊ नका, एवढंच विचारा की या सीझनला याची मुख्य जागा कोणती आणि जोडीची कोणती. सर म्हणाले डावा कोपरा, तर सरावाचा बराचसा वेळ कोपऱ्यावर जाऊ द्या, बाकी चढाई, आणि कव्हर पुढच्या वर्षी. आणि सर म्हणाले टीममध्ये पोरं कमी आहेत म्हणून जिथं रिकामं दिसेल तिथं उभा करतोय, तर त्यांचीही अडचण समजून घ्या, पण मग पोराला तुम्ही घरी सांगा की तुझी जागा कोपरा आहे, बाकी ठिकाणी तू टीमसाठी उभा राहतोयस. मॅचला जाऊन बसाल तेव्हा तो कोपऱ्यावर असताना किती पकडी लागल्या आणि कव्हरला किती, हे वहीत मांडून ठेवा, पाच-सहा मॅच झाल्या की ती वही सरांना आणि भावाला दोघांनाही दाखवा.