जुनी माउंटन सायकल आणि रोजच्या रस्त्याचे टायर

वाचकांचे प्रश्न

घरात पडून असलेली जुनी २६ इंची माउंटन सायकल रोजच्या ये-जा करण्यासाठी बाहेर काढणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न मापाचाच आहे.

प्रश्न : माझी माउंटन सायकल १९९०च्या दशकातली आहे. टायरवर २६ × १.९५ असं लिहिलं आहे. रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर, सगळा डांबरी रस्ता. दुकानदाराने २६ × १ ३/८चा टायर दाखवला, ‘हाही सव्वीसच’ म्हणाला. चालेल का? नाहीतर कोणता घेऊ?

उत्तर : चालणार नाही. ‘२६’ हा आकडा टायरचा बाहेरचा ढोबळ व्यास सांगतो. टायर रिमवर बसतो तो मात्र आतल्या कडेच्या व्यासावर, आणि तो टायरच्या बाजूवर मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. ओल्या फडक्याने धूळ पुसून पाहा, ५०-५५९ असा जोडआकडा सापडेल. पहिला आकडा हवा भरलेल्या टायरची रुंदी, दुसरा त्या आतल्या कडेचा, म्हणजे बैठकीचा व्यास. तुमच्या सायकलीचा हा दुसरा आकडा ५५९. २६ × १ ३/८चा असतो ५९०. व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक पडला की टायर रिमवर नुसता लोंबतो. याहून चकवणारी जोडी म्हणजे २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४. गणितात दोन्ही सारखेच, पण पहिल्याचा व्यास ५५९ आणि दुसऱ्याचा ५७१. दशांशातलं माप आणि अपूर्णांकातलं माप एकमेकांच्या जागी कधीच धरू नका. आजचे २७.५ इंची टायर ५८४चे आणि २९ इंची ६२२चे असतात, तेही बसणार नाहीत.

हे ५५९चं माप माउंटन सायकलीपेक्षा जुनं आहे. १९३३मध्ये अमेरिकेत श्विन कंपनीने २६ × २.१२५चे फुगीर टायर सायकलींवर आणले. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी तशाच जुन्या सायकली डोंगरउतारांवर पळवल्या आणि त्यातून माउंटन सायकल घडली, ती हेच चाक घेऊन. पुढे डोंगरी सायकली मोठ्या चाकांकडे वळल्या, त्यामुळे शर्यतीचे २६ इंची टायर कमी झाले. रस्त्यावरचे टिकाऊ टायर मात्र या मापात अजून बनतात. तुम्हाला हवेत तेच.

आता रुंदी. जुन्या माउंटन रिमची आतली रुंदी बहुधा १७ ते २१ मिलिमीटर असते आणि तिच्यावर १.५ ते २.० इंची टायर बिनधास्त बसतात. रस्ता एकसारखा आणि सामान कमी असेल तर १.५ (४०-५५९). खड्डे, गतिरोधक, पाठीवर किंवा कॅरिअरवर ओझं असेल तर १.७५ (४७-५५९) किंवा २.० (५०-५५९). आमचं मत विचाराल तर १.७५. अरुंद टायर पळतो चांगला, पण त्यात हवा जास्त दाबाने भरावी लागते आणि खड्ड्याचा दणका रिमला बसतो. जुन्या रिमला ते सोसत नाही.

मडगार्ड असेल तर टायर आणि मडगार्ड यांच्यात निदान ६ मिलिमीटर जागा राहू द्या. त्याहून कमी जागेत अडकलेला एखादा खडा चाक जागच्या जागी थांबवू शकतो.

प्रश्न : टायरच्या वेष्टनावर ‘केव्हलार’ लिहिलं आहे. म्हणजे पंक्चर होणार नाही ना?

उत्तर : केव्हलार म्हणजे एक मजबूत कृत्रिम धागा. तो टायरमध्ये कुठे आहे, हे आधी बघा. टायरच्या कडेत पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर घातला की टायर घडी करता येतो आणि थोडा हलका होतो. त्याचा पंक्चरशी काहीच संबंध नाही. पंक्चर अडवतो तो रस्त्याला टेकणाऱ्या रबराखालचा पट्टा. हा पट्टा दोन प्रकारचा असतो. एक, पातळ विणलेला. तो काचेला बरा अडवतो, पण बारीक काटा आणि तार धाग्यांमधून वाट काढतात. दुसरा, जाड लवचिक रबराचा. तो काट्याला आत पोचूच देत नाही, कारण काट्याची लांबी तिथे संपते. श्वाल्बे या टायर कंपनीच्या ‘मॅरेथॉन’मध्ये हा थर ३ मिलिमीटरचा आणि ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये ५ मिलिमीटरचा आहे. प्लसचा १.७५चा एक टायर साधारण किलोभर भरतो आणि चालवताना तो जडपणा जाणवतो. वाटेवर काटे, काचा खूप असतील तर तो घ्या. एरवी ३ मिलिमीटरचा थर पुरतो.

रोजच्या वापराला तारेच्या कडेचा टायरच घ्यावा. घडीच्या टायरचे जास्तीचे पैसे प्रवासात सुटा टायर बरोबर नेणाऱ्याने मोजावेत.

वेष्टनावरचा टीपीआय हा आकडा म्हणजे कापडी सांगाड्यात दर इंचाला असलेले धागे. १२०चा टायर मऊ आणि चपळ, २७ किंवा ६७चा जाडसर. रोजच्या सायकलीला कमी आकडा शोभतो, कारण जाड धाग्यांची बाजू रस्त्याच्या कडेला घासली तरी लगेच फाटत नाही.

टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायची सुटी प्लॅस्टिक पट्टी मिळते, ती आम्ही सुचवत नाही. तिची टोकं जिथे एकमेकांवर येतात तिथे ती ट्यूबला घासत राहते आणि काही महिन्यांनी तिथेच भोक पडतं. घातलीच तर टोकं गोल कापून पॉलिश पेपरने मऊ करा.

प्रश्न : गुळगुळीत टायर पावसात घसरेल अशी भीती वाटते. थोडी नक्षी असलेला बरा ना?

उत्तर : ही भीती मोटारीच्या टायरवरून आलेली आहे. मोटारीचा टायर रुंद, सपाट आणि कमी दाबाचा. त्याच्याखालून पाणी निघायला खाचा लागतात. सायकलीचा टायर अरुंद आणि गोल असतो, पाणी बाजूला सारूनच तो पुढे जातो. ५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवेच्या टायरला पाण्यावर तरंगायला ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेग लागेल. ओल्या डांबरावर पकड देतं ते रबर, आणि गुळगुळीत टायरचं जास्त रबर रस्त्याला टेकतं. जाड उंचवट्यांच्या टायरचं उलट होतं. वळणावर उंचवटे वाकतात, चाक हातात वळवळल्यासारखं लागतं आणि मधली ओळ लवकर झिजते.

पावसात सायकल घसरते ती लोखंडी झाकणांवर, रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर आणि कुजलेल्या पाल्यावर. तिथे कोणतीच नक्षी कामी येत नाही. चाक सरळ ठेवा, ब्रेक सोडा आणि पलीकडे जा. वाट थोडी मातीची असेल तरच नक्षीला अर्थ आहे. मग मध्ये सलग पट्टा आणि दोन्ही कडांना उंचवटे असलेला टायर घ्या.

प्रश्न : हवा किती भरू? टायरवर ‘कमाल ७० पीएसआय’ आहे, तेवढीच भरतो. सायकल फार आपटते.

उत्तर : कमाल आकडा म्हणजे ओलांडायची नाही ती रेघ, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. ७५ किलोच्या माणसाला १.७५च्या टायरमध्ये मागे ५० आणि पुढे ४० पीएसआय इथून सुरुवात करा. १.५ला मागे ६० आणि पुढे ५०, २.०ला मागे ४५ आणि पुढे ३५. वजन दर १० किलोंनी वाढलं की ४–५ पीएसआय वाढवा. मागच्या चाकावर निम्म्याहून जास्त भार असतो म्हणून तिथे हवा नेहमी जास्त. टायरवर किमान आकडाही छापलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका.

ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच, पंक्चर नसलं तरी. दोन आठवड्यांनी पंपाच्या काट्यावर आकडा पाहिला पाहिजे. अंगठ्याने दाबून काही कळत नाही, जाड टायर ३० पीएसआयलाही घट्ट लागतो. महागडा टायर वर्षभरात बाजूने चिरलेला दिसला तर बहुतेक वेळा तो कमी हवेवर चाललेला असतो. बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि आतले धागे तुटत जातात.

प्रश्न : नवा, जाड थराचा टायर घातला, तरी मागचं चाक महिन्यात तिसऱ्यांदा पंक्चर. टायर खराब निघाला का?

उत्तर : टायरला दोष देण्याआधी भोक कुठे आहे ते पाहा. त्यासाठी टायर बसवतानाच त्यावरचं नाव व्हॉल्व्हपाशी आणून ठेवायचं. मग काढलेली ट्यूब टायरवर तशीच धरली की भोकाची जागा नेमकी सापडते.

भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल, तर दोष रिमपट्टीचा. जुन्या सायकलीत रबराची पातळ पट्टी असते. वीस-पंचवीस वर्षांत ती ताणून सरकते, स्पोकचं भोक उघडं पडतं आणि दाबाखाली ट्यूब त्यात फुगून फाटते. तुमच्या सायकलीत हेच झालं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नवा टायर घालताना कापडी किंवा नायलॉनची नवी रिमपट्टी हमखास घाला. रुंदी रिमच्या आतल्या रुंदीइतकी किंवा एखाद-दोन मिलिमीटर कमी असावी. सगळी भोकं झाकली पाहिजेत, पण पट्टी टायरच्या बैठकीवर चढता कामा नये.

शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटली गेली. हवा कमी होती. भोक व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर दोन शक्यता. एक तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह तिरका ओढला जातो. नाहीतर मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या ८.५ मिलिमीटरच्या भोकात बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब घातलेली असते, तिला ६.५ मिलिमीटरचं भोक लागतं. मोठ्या भोकात ती हलत राहते आणि बुडाशी कापली जाते.

आणि भोक बाहेरच्या बाजूला, दर वेळी एकाच जागी असेल, तर वस्तू अजून टायरमध्येच आहे. बहुधा मोटारीच्या फाटलेल्या टायरमधली पोलादी तार, अर्ध्या सेंटीमीटरची, केसासारखी बारीक. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, तार जिथे असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. मग टायर त्या जागी उलटा वाकवा, टोक वर येतं, चिमट्याने ओढून काढा.

प्रश्न : जाड टायरची शेवटची वीतभर कड रिमवर चढतच नाही. दोन टायर लिव्हर मोडले.

उत्तर : जोर कमी पडत नाहीये, टायरला सैल जागा मिळत नाहीये. रिमच्या मधोमध खोलगट चर असतो. टायरची चढलेली कड त्या चरात उतरली तरच समोरच्या बाजूला काही मिलिमीटर सैल मिळतात. ट्यूबमध्ये तिला गोल आकार येण्यापुरतीच हवा भरा. व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून सुरुवात करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करा. बरेच जण उलट करतात, आणि व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड भाग टायरला चरात उतरू देत नाही. शेवटची वीतभर राहिली की थांबा आणि पूर्ण चाकभर दोन्ही कडा चिमटीत धरून चरात दाबत या, दोनदा. राहिलेल्या कडेला साबणाचं पाणी लावा आणि तळहाताने ढकला. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे कडेखाली ट्यूब दबलेली राहणार नाही. थोडी हवा भरून चाक फिरवा. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडाली असेल तर हवा सोडून तेवढा भाग हाताने ओढा. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो हवा भरण्याआधी पाहायचा.

प्रश्न : टायरच्या बाजूला सरळ चीर पडली आहे, जणू सुरीने ओढली. रस्त्यावर काही लागलेलं आठवत नाही.

उत्तर : ब्रेकचं रबर टायरला घासतंय. रबराची वरची कड रिमच्या कडेपासून १–२ मिलिमीटर खाली हवी. टायर बदलला की हे लगेच तपासा. धागे दिसत असतील तर तो टायर टाकून द्या, बाजूच्या चिरेला ठिगळ पुरत नाही.

त्याच वेळी रिमचीही परीक्षा घ्या. ब्रेक लागतो त्या पृष्ठभागावर पट्टीची धार उभी धरा. मध्ये उजेड दिसला तर धातू झिजून खोलगट झालाय. कंपनीने कोरलेली झिजेची खूण मिटली असेल किंवा भिंत जेमतेम मिलिमीटरभर उरली असेल तर आधी रिम बदला, टायर नंतर. पातळ भिंत हवेच्या दाबाने बाहेर फुटते, आणि तीही बहुधा ब्रेक दाबताना.

प्रश्न : २.१ काढून १.५ घातले. स्पीडोमीटर चुकतोय का?

उत्तर : थोडासा. चाकाचा घेर २०६८ मिलिमीटरवरून २०१० झाला, म्हणजे १०० किलोमीटर दाखवत असेल तेव्हा खरे ९७ झालेले असतात. नवा आकडा भरा.

प्रश्न : मागचा टायर झिजला, पुढचा नव्यासारखा आहे. अदलाबदल करू का?

उत्तर : झिजलेला टायर पुढे कधीच नको. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस पडतोच. नवा टायर पुढे घाला, पुढचा मागे न्या आणि मागचा काढून टाका. मधला भाग सपाट होऊन रबराखालचा रंगीत थर किंवा धागे दिसू लागले की टायर संपला. उन्हात पडून राहिलेल्या टायरला नक्षी शाबूत असूनही बाजूला बारीक भेगा पडतात. हवा सोडून बाजू बोटांत दुमडून पाहा. भेगांच्या तळाशी धागा दिसला तर नक्षी कितीही उरलेली असो, तो टायर चालवू नका.