कादंबरी मालिकेचा शेवटचा भाग लिहिताना लेखकाला भीती वाटते का? शेवट आधीच ठरलेला असतो का?

वाटते ना. मला तर इतकी वाटली की शेवटची चाळीस पानं लिहायला दीड वर्ष गेलं, आणि त्याआधीची अडीचशे आठ महिन्यांत झाली होती.

मी भुसावळचा. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होतो (२०२२ मध्ये हुद्द्याचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण गल्लीत अजून गार्डसाहेबच म्हणतात), आता रिटायर आहे. तापीकाठच्या एका केळीवाल्या घराची तीन भागांची कादंबरी लिहिली. पहिल्यात ७२ चा दुष्काळ, दुसऱ्यात हतनूरचं धरण आणि त्यात गेलेली जमीन, तिसऱ्यात ठिबक, टिश्यू कल्चरची रोपं आणि भावाभावांच्या वाटण्या. अकरा वर्षं लागली. आमच्या शेजारच्याच यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी चांगदेव चतुष्टयाचे चार भाग १९७५ ते १९७९ मध्ये संपवले होते, हे मला आमच्या घरचे दर दिवाळीला आठवण करून द्यायचे.

शेवट ठरलेला होता, अगदी लिहूनसुद्धा ठेवला होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलंय, जुन्या घराचा ओटा उघडा पडलाय आणि तिघं भाऊ त्या ओट्यावर येऊन बसलेत. सात वर्षं ते पान रेक्झिनच्या डायरीत होतं आणि मी निवांत होतो, की चला शेवट खिशात आहे. पण दुसऱ्या भागात मधल्या भावाने पोरीच्या लग्नासाठी उरलेला तुकडा मोठ्याला न विचारता विकला, आणि त्यानंतर तो काही त्या ओट्यावर मोठ्याच्या शेजारी बसेना. मी तीनदा ओढत नेला त्याला. तिन्ही वेळा असा उभा, जसं लग्नात फोटोसाठी जबरदस्तीने उभं केलेलं पाव्हणं. शेवटी ते पान फाडलं नाही पण वापरलंही नाही.

खरी भीती मात्र शेवटाची नव्हतीच. भीती ही, की पहिले दोन भाग छापून लोकांच्या घरात जाऊन बसलेत आणि आता त्यातलं एक अक्षर हलवता येत नाही. एकच पुस्तक असेल तर शेवट जमेना की मागे जाऊन सुरुवात बदलता येते, मालिकेत ती सोय नाही. तिसरा लिहायच्या आधी मी पहिला भाग वाचायला घेतला, पेन्सिल घेऊन, परक्याचं पुस्तक वाचावं तसा, आणि घामच फुटला. १९७२ मधला माझा माणूस बैल घ्यायला ‘मुक्ताईनगर’ला निघालाय! तेव्हा सगळे एदलाबाद म्हणायचे, मी स्वतः म्हणायचो. दुसरं म्हणजे बोली. यावल-रावेरकडे लेवा बोलीत ‘मले-तुले’, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणीत ‘माले-तुले’, आणि माझी म्हातारी पहिल्या भागात ‘मले’ म्हणते अन दुसऱ्यात मधेच ‘माले’, जणू काही तिचं माहेर बदललं. पुण्याच्या वाचकाला नाही कळणार, पण इकडचा वाचक पहिल्या पानावर पकडतो.

आणि पकडलंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं (तिथलं आधीचं १९५२ चं, म्हणजे काय गर्दी असेल बघा), तिथे पुस्तकांच्या स्टॉलपाशी एका धोतरवाल्या आबांनी मला गाठलं. दोन्ही भाग वाचलेले. म्हटले, सगळं ठीक आहे, “पन त्या जिजीचा तांब्या कुठी गेला रे भो?” पहिल्या भागात दुष्काळात जिजी आपला माहेरचा तांब्या सावकाराकडे गहाण ठेवते. मी पार विसरलो होतो. दोन भाग, सहाशे पानं, कुठे उल्लेख नाही.

आमच्या नोकरीत शेवटच्या डब्यावर एलव्हीची, म्हणजे ‘लास्ट व्हेईकल’ची, पाटी लावतात, रात्री लाल दिवा. तो दिसला की स्टेशन मास्तर समजतो गाडी अख्खी आली, मधे कुठे तुटून डबे मागे राहिले नाहीत, त्याशिवाय मागचा सेक्शन मोकळा धरत नाहीत. आयुष्यभर तो दिवा सांभाळला आणि पुस्तकात माझाच डबा मागे! मग घरी येऊन दोनशे पानी वही घेतली आणि दोन्ही भागांतली उधारी लिहून काढली, कोणी कोणाला काय कबूल केलं, काय गहाण, कोण रुसून गेलं, कोणती विहीर अर्धी राहिली. एकेचाळीस नोंदी निघाल्या. सगळ्या फेडायच्या नसतात हं, तसं केलं तर कादंबरी नाही, दुकानाची खातेवही होते. मी सतरा घेतल्या. बाकीच्या सोडल्या, पण कोणत्या सोडतोय हे माहीत असून सोडल्या.

अजून एक चूक सांगतो, तुम्ही लिहीत असाल तर कामाला येईल. संपवायची धास्ती मला अशी लागली होती की मी नवी माणसं आणत सुटलो, एक व्यापारी आणला, एक कृषी अधिकारी, जळगावहून आलेली एक पत्रकार पोरगी. केळीला शेवटची फणी सुटली की केळफूल कापून टाकतात, नाहीतर घड नीट भरत नाही, हे माझ्याच पुस्तकातली पोरंटोरं सांगतात आणि मला कळेना. चार चॅप्टर काढले तेव्हा कुठे पुढे सरकलो.

आणि वर्षभर ज्या शेवटाची काळजी केली त्याचं काय झालं बघा. छापायला घेतलं तर पुस्तक ३२३ पानांचं भरलं. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म, वीस फॉर्म म्हणजे ३२०. प्रकाशक म्हटले तीन पानं कमी करा, नाहीतर अजून एक फॉर्म लागेल आणि किंमत वाढेल. तांब्याचा पॅरेग्राफ सहज निघण्यासारखा होता, वाटण्यांमधे भांडी मांडताना तो सापडतो आणि धाकट्या सुनेच्या वाट्याला जातो, एवढंच. तो ठेवला. तापीवरचं चांदणं कापलं, जे मला सगळ्यात भारी वाटत होतं.

पुस्तक आलं तशी एक प्रत आबांना पोस्टाने पाठवली. पंधरा दिवसांनी फोन. “तांब्या भेटला रे भो. पन तो पितयचा होता ना, तू त तांब्याचा करून टाकला.”

पहिला भाग काढून पाहिला. पितळेचाच होता.