रायडिंग जॅकेट घेताना माप आणि दर्जा कसा तपासायचा? ‘लेव्हल २’ लिहिलेलं असलं की पुरे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात ३५० सीसीची गाडी, रोज ऑफिस, महिन्यातून एखादी कोकणवारी, हेल्मेट चांगलं आहे, बाकी गियरसाठी हातात वीस हजार. जॅकेटवर ‘सीई लेव्हल २’ (सीई म्हणजे युरोपीय सुरक्षा-नियमांचं चिन्ह) लिहिलेलं असलं की डोळे मिटून घ्यावं का, आणि साइज कशी ठरवायची?

डोळे मिटून घेऊ नका. ‘लेव्हल २’ हे बहुतेक वेळा जॅकेटबद्दल नसतंच, ते आत खोचलेल्या आर्मरबद्दल, म्हणजे दणका शोषणाऱ्या पॅडबद्दल, असतं. खांद्याचं आणि कोपराचं आर्मर उत्तम, पण ज्या कापडात ते बसवलंय ते रस्त्यावर घासताना दोन सेकंदांत फाटलं, तर आर्मर एकीकडे आणि कोपर दुसरीकडे. म्हणून दोन लेबलं वेगवेगळी वाचायची.

कपड्याचं लेबल आतल्या बाजूला शिवलेलं असतं. त्यावर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, उत्पादकाचं नाव आणि ‘ईएन १७०९२’ हा रायडिंगच्या कपड्यांच्या युरोपीय मानकाचा क्रमांक हवा. त्यापुढे वर्ग असतो: एएए, एए, ए, बी किंवा सी. या मानकाच्या चाचणीत कपड्याचे तीन भाग धरतात. खांदा, कोपर, नितंब, गुडघा हे सगळ्यात आधी आपटणारे भाग पहिल्यात येतात. घासण्याच्या चाचणीत या पहिल्या भागाचं कापड एएए वर्गाला ताशी १२० किलोमीटरच्या, एएला ७०च्या आणि एला ४५च्या समतुल्य वेगाला टिकावं लागतं. हे यंत्रावरचे वेग आहेत. ‘ए वर्गाचं जॅकेट म्हणजे ४५च्या वर जाऊ नका’ असा त्याचा अर्थ नाही, तुलना करायला मात्र उपयोगी पडतात. बी वर्ग म्हणजे घासण्यात एइतकाच टिकणारा पण आर्मरशिवायचा कपडा. सी म्हणजे फक्त आर्मर अंगाला धरून ठेवणारी जाळी, जी दुसऱ्या दणकट कपड्याखाली घालायची असते. नुसतं ‘सीई’ लिहिलंय आणि क्रमांक, वर्ग काहीच नाही, तर ते लेबल शोभेचं समजा. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, जॅकेट-पँटला तसं बंधन नाही, त्यामुळे टॅगवर काहीही छापलेलं सापडतं.

तुमच्या वापराला एए मिळालं तर उत्तम. पूर्ण मेशच्या (जाळीदार कापडाच्या) जॅकेटांत बऱ्याचदा ‘ए’ वर्गच मिळतो, आणि मे महिन्यात जे जॅकेट तुम्ही खरंच घालाल ते खुंटीला टांगलेल्या एएएपेक्षा बरं.

आता आर्मर. चेन उघडून ते खिशातून बाहेर काढा. विक्रेत्याने तोंड वाकडं केलं तरी काढा. खांदा, कोपर, गुडघा, नितंब यांच्या आर्मरवर ‘ईएन १६२१-१’ आणि पाठीच्या आर्मरवर ‘ईएन १६२१-२’ कोरलेलं किंवा छापलेलं असतं. चाचणीत पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडल्याइतका, म्हणजे ५० ज्यूलचा, दणका देतात आणि पलीकडे किती जोर पोहोचतो ते किलोन्यूटनमध्ये मोजतात; आकडा कमी तितकं आर्मर चांगलं. हातापायाच्या आर्मरला लेव्हल १मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि लेव्हल २मध्ये २०पर्यंत मुभा आहे. पाठीला लेव्हल १ म्हणजे १८ आणि लेव्हल २ म्हणजे ९. पाठीचा फरक थेट दुप्पट आहे, म्हणून पैसे वाढवायचेच असतील तर आधी तिथे वाढवा. पाठीचं प्रमाणित आर्मर कपड्याच्या ईएन १७०९२ मानकात सक्तीचं नाही, याचा फायदा घेऊन कित्येक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो. तो दोन बोटांत चिमटला की कागदासारखा दबतो आणि त्यावर कुठलाही क्रमांक नसतो. तो काढून टाका आणि त्याच मापाचं लेव्हल २चं पाठीचं आर्मर वेगळं घ्या. आधी जॅकेटचा खिसा टेपने मोजा, कारण प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा असतो आणि मोठं आर्मर कोंबलं की ते मधेच दुमडतं.

आर्मरवर ‘टी+’ आहे का तेही पाहा. मऊ आर्मर उन्हात आणखी मऊ पडतं. टी+ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तापवूनही ते चाचणीत पास झालंय. नागपूर-चंद्रपूरच्या लोकांनी तर हे चिन्ह आधी शोधावं. ‘टाइप ए’ म्हणजे कमी भाग झाकणारं, ‘टाइप बी’ म्हणजे पूर्ण मापाचं. शरीर फार लहानखुरं नसेल तर बी घ्या.

माप हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे, आणि माझ्या मते वर्गापेक्षाही मोठा. शर्टावरून छातीचा सर्वांत रुंद भाग, कंबर आणि नितंब टेपने मोजा. खांद्याच्या हाडापासून, कोपर वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत हाताची लांबी घ्या. टेप सैल धरू नका आणि मनाने दोन इंच वाढवू नका, कंपनीच्या तक्त्यात ती सूट आधीच धरलेली असते. एका कंपनीचं एल दुसरीचं एम असू शकतं. युरोपीय साइज ढोबळमानाने छातीच्या सेंटीमीटरच्या निम्मी असते, म्हणजे १०० सेंटीमीटर छातीला ५०. दोन साइजच्या मधे अडकलात तर मेशमध्ये लहान घ्या, पण आतलं थंडीचं अस्तर लावूनही चेन बंद होते ना ते बघून.

घातल्यावर आरशासमोर उभं राहून ठरवू नका. उभं राहिल्यावर छान दिसणारं जॅकेट गाडीवर बसल्यावर पाठीत वर सरकतं आणि बाह्या आखूड होतात. गाडीवर बसा, दुकानात गाडी नसेल तर खुर्चीवर बसून हात हँडलच्या उंचीला पुढे करा. मग हे तपासा.

कोपराचं आर्मर बोटांनी धरा आणि बाहीभोवती गोल फिरवायचा प्रयत्न करा. कोपराचं टोक आर्मरच्या बाहेर आलं तर ते जॅकेट तुमचं नाही. पडल्यावर रस्ता हेच करतो: कापड ओढतो आणि आर्मर फिरवतो. बाहीवर कोपराच्या वर-खाली पट्टे असतील तर ते आवळून पुन्हा पाहा. पट्टे आवळूनही फिरत असेल तर साइज मोठी आहे किंवा बाहीचा कट तुमच्या हातासाठी रुंद आहे. खांद्याचं आर्मर खांद्याच्या गोलावर वाटीसारखं बसायला हवं, दंडावर लोंबकळायला नको. पाठीचं आर्मर मानेच्या खालच्या मणक्यापासून कमरेपर्यंत यावं. वर इतकं येत असेल की मान मागे टाकताच हेल्मेट त्यावर टेकतं, तर लांब पल्ल्याला मान आखडेल. बाहीची कड हात पुढे केल्यावरही मनगटाच्या हाडाशी राहिली पाहिजे. कॉलर गळ्याशी एक बोट जाईल इतकी मोकळी, पोट आत न ओढता चेन बंद, आणि पूर्ण श्वास घेता येईल इतकी जागा हवी. ‘वापरून सैल होईल’ हे चामड्याच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. कापडाच्या जॅकेटात आर्मरचा खिसा जिथे शिवलाय तिथेच राहतो.

स्त्रियांनी ‘युनिसेक्स’ जॅकेट शक्यतो टाळावं. खांदे मापाचे घेतले तर नितंबाशी घट्ट होतं आणि नितंबाला बसणारं घेतलं तर कोपराचं आर्मर फिरतं.

कापडाबद्दल बोलताना डेनियरचा आकडा सांगतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ५०० डेनियरचं कॉर्डुरा हे दणकट नायलॉन ६०० डेनियरच्या साध्या पॉलिएस्टरपेक्षा घासण्यात चांगलं टिकतं, त्यामुळे आकडा मोठा म्हणून भुलू नका, कशाचा आहे ते विचारा. मेश कुठे आहे हेही बघा. छाती, पाठ, दंडाची आतली बाजू इथे मेश चालते. खांदा, कोपर आणि बाहीची बाहेरची बाजू इथे घट्ट विणीचं कापड किंवा चामड्याचा तुकडा हवा.

पण पडल्यावर जॅकेट बऱ्याचदा शिवणीवर उसवतं. कापड शाबूत आणि बाही खांद्यापासून सुटलेली, असं होतं. खांदा आणि बाहीच्या जोडावर दोन्ही हातांनी कापड विरुद्ध दिशांना ताणा. जोडाच्या फटीत धागे शिडीच्या पायऱ्यांसारखे उघडे दिसले तर शिवण सैल आहे. वरून दिसणारी सजावटीची दुहेरी शिवण सगळ्यात आधी झिजते. त्याखाली कापड दुमडून आत लपवलेली मुख्य शिवण आहे का, ते जॅकेट उलटं करून पाहा. चामड्यात उलटी गडबड होते. टाके फार जवळजवळ घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी छिद्रांची ओळ तयार होते आणि चामडं तिथूनच फाटतं. चामड्याचं जॅकेट घ्यायचंच असेल तर गाईच्या चामड्यात साधारण १.१ ते १.३ मिलिमीटर जाडी हवी. आपल्या पावसात आणि दमट हवेत मात्र मी ते सुचवणार नाही.

चेन दहा वेळा उघड-बंद करा, जॅकेट घालून आणि थोडी ताण देऊन. गळ्याशी चेनचं टोक कातडीला टोचू नये म्हणून कापडाचं छोटं घर असतं, ते आहे का बघा. खिशात चाव्या किंवा मोबाइल छातीवर किंवा बरगडीवर येणार असेल तर तो खिसा रिकामा ठेवा, पडलात तर कडक वस्तू आत रुतते.

पावसाचं म्हणाल तर जॅकेटच्या आत लावायचं वॉटरप्रूफ अस्तर ही कोकणासाठी निरुपयोगी सोय आहे. ताम्हिणीत तासभर पाऊस लागला की बाहेरचं मेश पाणी पिऊन जड होतं. वाऱ्याने ते गार पडतं आणि आत तुम्ही कोरडे असूनही कुडकुडता. त्यात अस्तर लावायला रस्त्याकडेला जॅकेट काढावं लागतं. त्यापेक्षा जॅकेटवरून घालायचा, शिवणींवर आतून टेप लावलेला भडक रंगाचा रेनकोट घ्या. तो जॅकेट घातलेल्या मापाचा हवा.

ग्लोव्ह्जना ‘ईएन १३५९४’ लागतं, आणि ‘केपी’ असेल तर बोटांच्या गाठींचं संरक्षणही तपासलेलं आहे. ग्लोव्ह घालून मनगटाचा पट्टा लावा आणि दुसऱ्या हाताने बोटांकडून जोरात ओढा. निघाला तर परत ठेवा, तो रस्त्यावरही निघेल. मूठ वळून ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं दाबली जाऊ नयेत आणि तळव्यात कापडाची घडी पडू नये, नाहीतर पन्नास किलोमीटरनंतर फोड येतो. तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाला प्लास्टिकचा स्लायडर, म्हणजे गुळगुळीत चकती, असावा. पडताना माणूस हात टेकतो आणि तिथे रबरी पकड असली तर मनगट जागच्या जागी अडकून मोडतं, स्लायडर घसरू देतो.

वीस हजारांची वाटणी मी अशी करेन: जॅकेट आणि पाठीचं आर्मर मिळून नऊ ते दहा, ग्लोव्ह्ज तीन, आणि ऑफिसच्या पँटवरून बांधता येतील असे गुडघ्याचे गार्ड तीनच्या आसपास. गुडघ्याचं आर्मर बसलेल्या स्थितीत तपासा. उभं असताना ते गुडघ्याच्या थोडं खाली वाटलं तर हरकत नाही, बसल्यावर वाटीवर आलं पाहिजे. उरलेल्या पैशांत घोटा झाकणारे रायडिंग शूज, ‘ईएन १३६३४’ असलेले. बूट टाच आणि चवडा धरून पिळा, सहज पिळला गेला तर पाय गाडीखाली अडकल्यावरही तसाच पिळला जाईल. घोट्याच्या दोन्ही बाजूंना आतून कडक चकती लागते का ते अंगठ्याने दाबून बघा. लेस असेल तर ती झाकणारा पट्टा हवा, मोकळी लेस गियरच्या लिव्हरमध्ये अडकते. पूर्ण रायडिंग पँट पुढच्या वर्षी घेतलीत तरी चालेल. तेव्हा नितंबाचं आर्मर सोबत येतं का विचारा, एए आणि एएए वर्गात ते सक्तीचं आहे, एमध्ये नाही.

पहिलं जॅकेट दुकानात घालून घ्या, भले दोन हजार जास्त पडोत. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर साइज बदलून देण्याची अट आधी वाचा. आलं की टॅग न काढता, पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावून वीस मिनिटं त्यावर बसा. दहा मिनिटांत काही कळत नाही. काखेतली शिवण आणि कॉलर त्यानंतर टोचायला लागतात. कोणाचं वापरलेलं घेत असाल तर बाहीच्या कोपरावर आणि खांद्यावर घासल्याच्या खुणा शोधा. एकदा पडलेलं जॅकेट स्वस्तातही घेऊ नका.

धुताना सगळं आर्मर बाहेर काढा, वेल्क्रो आणि चेन बंद करा, सौम्य साबण, गार पाणी, सॉफ्टनर नको, सावलीत वाळवा. आर्मर परत घालताना डावं-उजवं आणि वर-खाली बघून घाला, उलटं घातलेलं कोपराचं आर्मर फार लोकांच्या जॅकेटात सापडतं.