एका क्लबच्या 24 खेळाडूंवर संशोधनासाठी ग्रँट मिळू शकते का?

तुम्ही लिहिलंय की व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये स्पोर्ट सायंटिस्ट आहात, पीएचडी नुकतीच झालीय, हाताशी 24 खेळाडू आहेत आणि नॉर्डिक व्यायामाने (गुडघ्यांवर बसून, घोटे धरून ठेवून शरीर हळूहळू पुढे झुकवायचं) हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या, दुखापती कमी होतात का, या विषयावर पहिल्यांदाच ग्रँट मागायची आहे. मी असे अर्ज लिहिलेत, दुसऱ्यांचे तपासलेही आहेत. मिळू शकते, पण हा प्रश्न घेऊन नाही.

आधी साधा हिशोब करून बघा. युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या) मोठ्या क्लबांच्या नोंदींवरून 2011 च्या सुमारास मांडलेला अंदाज असा की 25 जणांच्या संघात एका मोसमात पाच-सहा हॅमस्ट्रिंगच्या दुखापती होतात. तुम्ही बारा-बाराचे दोन गट केलेत तर एका गटाच्या वाट्याला जेमतेम तीन येतील. व्यायामाने त्या निम्म्यावर आणल्या असं धरलं, तरी तुलना उरते तीन विरुद्ध एक-दोन. एवढा फरक नशिबानेही पडतो. शिवाय, हा व्यायाम केल्यावर या दुखापती साधारण निम्म्या होतात हे अनेक चाचण्या एकत्र करून आधीच दाखवलं गेलंय. माहीत असलेलं उत्तर पुन्हा शोधायला कोण पैसे देईल?

खरा प्रश्न त्याच्या शेजारीच पडलाय. 2015 मध्ये संशोधक बार आणि सहकाऱ्यांनी चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या अव्वल लीगमधल्या क्लबांना विचारलं की हा व्यायाम तुम्ही खरंच करून घेता का. 150 क्लब-मोसमांपैकी (एका क्लबचा एक मोसम म्हणजे एक) तो पूर्ण झाला होता फक्त 16 मध्ये, अर्धवट आणखी 9 मध्ये. उरलेल्या 125 मध्ये नाहीच. म्हणजे उपाय आहे, तो मैदानावर पोचत नाही. आणि का पोचत नाही हे जवळून बघायची सोय विद्यापीठातल्या प्राध्यापकापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. आठवड्यात दोन सामने असले की हा व्यायाम बसवायचा कुठे? त्याने येणारा स्नायूंचा ठणका एक ते तीन दिवस राहतो, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी कोच त्याला हातही लावू देणार नाही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी खेळाडूच तयार नसतो. मग डोस कमी करून चालेल का, सरावाच्या शेवटी घ्यावा की आधी, नोंद कोण ठेवणार? यातला एक धागा पकडा. ठरलेल्यापैकी किती सेट खरोखर झाले, हे मोजायला 24 खेळाडू पुरतात.

स्नायूंची ताकद मोजणार असाल तर सॅम्पल साइजचं, म्हणजे किती खेळाडू लागतील याचं, गणित अर्जातच मांडा. मध्यम परिणाम (0.5, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा फरक) पकडायचा, 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि 0.05 ची पातळी (फरक नसताना तो दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) ठेवायची, तर दोन स्वतंत्र गटांत प्रत्येकी 64 जण लागतात. त्याच खेळाडूंची आधी-नंतर तुलना केली तर 34 पुरतात. तुमच्या 24 मध्ये 0.6 च्या आसपासचा परिणाम दिसू शकेल, तोही कोणी मध्येच गळालं नाही तर. हे सरळ लिहा. आकडा लपवलेला अर्ज रिव्ह्यूअर तिथेच ओळखतो.

क्लबच्या पत्राकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, माझ्या मते अर्जाचं खरं वजन तिथे असतं. ‘आमचा या संशोधनाला पूर्ण पाठिंबा आहे’ या वाक्याची किंमत शून्य. पत्रात असं हवं: प्रीसीझनच्या (मोसमाआधीच्या तयारीच्या काळातल्या) कोणत्या आठवड्यांत चाचणी होईल, आठवड्यातले कोणते दिवस आणि किती मिनिटं मिळतील, कोणता डेटा बाहेर जाऊ शकतो, निकाल क्लबला नको तसे आले तरी छापता येतील का. सही एकट्या मुख्य कोचची नको. कोच मोसमाच्या मध्यात बदलतात आणि नवा माणूस आला की जुन्याने दिलेला शब्द हवेत जातो. मेडिकल प्रमुख किंवा स्पोर्टिंग डायरेक्टरचीही घ्या.

संमतीची गोष्ट तर तुमच्या बाबतीत जास्तच नाजूक आहे. तुम्ही स्टाफमधले, खेळाडू तुम्हाला ‘नाही’ म्हणेल का? अशा नात्यात संमती त्या नात्याबाहेरच्या पात्र व्यक्तीने घ्यावी, असं वैद्यकीय संशोधनाच्या नैतिकतेचा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. म्हणून विद्यापीठातला एखादा सहकारी हे काम करेल असं लिहा. कोचला कोणाचे आकडे दिसणार आणि कोणाचे नाही, हेही लिहा, नाहीतर संघनिवडीच्या भीतीने कोणी खरं उत्तर देणार नाही.

बजेटमध्ये फोर्स प्लेट (पायाचा जोर मोजणारं उपकरण) विकत घेण्याचा मोह टाळा, ती भाड्याने किंवा विद्यापीठाकडून मिळते. पैसे माणसावर लावा: नोंदी ठेवणारा सहायक, संख्याशास्त्रज्ञाचे तास, पेपर ओपन अ‍ॅक्सेस (कोणालाही फुकट वाचता येईल असा) छापायचा खर्च. ओव्हरहेड (जागा, वीज, कार्यालय असा वरखर्च) ग्रँट देणारी संस्था देते की नाही हे आधी बघा.

अर्ज कुठे करायचा याबद्दल एवढंच, की संस्था कशाला पैसे देते ते नीट वाचा. ऑलिंपिक स्टडीज सेंटरची ग्रँट मानव्य आणि समाजशास्त्रांसाठी असते, तिथे स्नायूंची ताकद चालायची नाही. वाडा (WADA, जागतिक डोपिंगविरोधी संस्था) डोपिंगविरोधी संशोधनाला पैसे देते. युएफाच्या योजनेत अर्ज राष्ट्रीय फुटबॉल संघटनेसोबत करायचा असतो, तेव्हा संघटनेत कोणाला गाठायचं हे आत्ताच शोधायला लागा. सप्लिमेंट किंवा उपकरणं विकणाऱ्या कंपनीचा पैसा घ्यायचा झाला, तर छापण्याचा हक्क तुमच्याकडे राहील हे करारात आल्याशिवाय सही करू नका.

फॉर्म भरायला बसण्याआधी एक पानी सारांश करा: प्रश्न, खेळाडू, मोसमाचं कॅलेंडर, ढोबळ खर्च. तो संस्थेच्या संबंधित अधिकाऱ्याला मेल करून ‘हे तुमच्या योजनेत बसतं का?’ असं विचारा. बरेच जण उत्तर देतात. तोच सारांश क्लबच्या फिजिओलाही दाखवा, कारण मोसम सुरू झाल्यावर तुमचं वेळापत्रक पाळायचं की नाही हे बऱ्याचदा तोच ठरवतो.